नऊ प्रश्न क्वेचुआ भाषेत विचारायचे, म्हणजे नेमके काय करायचे?

"गेल्या दोन आठवड्यांत वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागत नाही, असा त्रास तुम्हाला किती दिवस झाला?" नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीतला हा सातवा प्रश्न आहे. पेरू देशातल्या आयाकुचो भागात, अँडीज पर्वतातल्या एखाद्या उंच वस्तीवर, साठी उलटलेल्या बाईला हा प्रश्न विचारला जात आहे अशी कल्पना करा. ती क्वेचुआ बोलते, शाळेत कधी गेलेली नाही, आणि तिचा दिवस बटाट्याच्या शेतात व मेंढरांमागे जातो. तिने "एकही दिवस नाही" असे सांगितले, तर ते अक्षरशः खरे आहे, कारण वर्तमानपत्र तिने कधी हातातच धरलेले नाही. कागदावर मात्र त्या उत्तरापुढे शून्य मांडले जाते आणि तिचे चित्त ठिकाणावर असल्याची नोंद होते.

अशा प्रश्नावल्या आता आपल्याही मोबाइलवर सर्रास येतात. नऊ प्रश्नांची उत्तरे द्या आणि आपल्याला नैराश्य आहे का ते पाहा, असे त्यांचे आवाहन असते. त्यामुळे पुष्कळ वाचकांना वाटते की ही यादी म्हणजे ताप मोजण्याच्या काचेच्या नळीसारखे साधन असावे, कोणाच्याही काखेत ठेवले तरी सारखेच चालणारे. क्वेचुआ भाषकांसाठी ही यादी तयार करताना संशोधकांना ज्या अडचणी आल्या, त्या समजून घेतल्या की हे साधन कसे चालते आणि कुठे चुकते, हे फार स्पष्ट दिसते.

चाळणी आणि निदान

आधी एक शब्द पक्का करून घेऊ. 'चाळणी चाचणी' म्हणजे पुष्कळ लोकांमधून ज्यांची नीट तपासणी करायला हवी, अशांना वेगळे काढण्याची सोपी, स्वस्त आणि जलद पद्धत. चाळणी निदान करत नाही. धान्य चाळताना खाली पडलेले सगळेच खडे नसतात आणि वर राहिलेले सगळेच दाणे नसतात, म्हणून शेवटी सुपात घेऊन डोळ्यांनी निवडावे लागते. मानसिक आरोग्याच्या बाबतीत हे निवडण्याचे काम प्रशिक्षित माणसाने समोर बसून केलेल्या सविस्तर मुलाखतीत होते.

ज्या यादीविषयी आपण बोलत आहोत तिला 'पीएचक्यू-९' म्हणतात. रॉबर्ट स्पिट्झर, जेनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएंके या अमेरिकी संशोधकांनी ती तयार केली आणि तिची पहिली मोठी पडताळणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. कामात रस न वाटणे, उदास वाटणे, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, आणि मरणाचे विचार, अशा ९ गोष्टी गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस जाणवल्या, हे तीत विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात आणि एकूण बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. १० किंवा अधिक गुण आले तर पुढे तपासायचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. या १० ला आपण 'उंबरठा' म्हणू.

तो आला कुठून? मूळ पडताळणीत अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या ६,००० रुग्णांनी यादी भरली होती आणि त्यांपैकी ५८० जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली होती. १० हा उंबरठा धरला तेव्हा यादीने खरोखर तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक पकडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांना बरोबर सोडून दिले.

८८ टक्के हा आकडा ऐकायला भरवशाचा वाटतो, म्हणून थोडे गणित करून पाहू. एखाद्या खोऱ्यात १,००० प्रौढ माणसे आहेत आणि त्यांपैकी १०० जणांना खरोखर नैराश्य आहे, असे उदाहरणापुरते धरू. यादी त्या १०० पैकी ८८ जणांना पकडेल आणि १२ जण निसटतील. उरलेल्या ९०० पैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, आजार नसताना उंबरठा ओलांडतील. एकूण १९६ जणांची नावे निघतील आणि त्यांतले ८८ जणच खरे रुग्ण असतील, म्हणजे निम्म्याहून कमी. यादी जिथे जन्मली तिथे ती जितकी अचूक होती तितकीच इथेही आहे, असे मानून आलेले हे उत्तर आहे. प्रश्नच नीट समजले नाहीत, तर निसटणारे आणि चुकून अडकणारे या दोन्ही बाजूंचे लोक वाढतात, आणि जिथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत तिथे त्याची किंमत फार मोठी असते.

क्वेचुआ ही एकच भाषा नाही

क्वेचुआ बोलणारे लोक आपल्या भाषेला 'रुनासिमी', म्हणजे माणसांची वाणी, म्हणतात. इंका साम्राज्याची ही भाषा आज पेरू, बोलिव्हिया आणि इक्वाडोर या देशांत प्रामुख्याने बोलली जाते. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत ३७ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा क्वेचुआ असल्याचे सांगितले. त्या देशाने १९७५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा दिला आणि २०११ च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या भाषा ('मूळ भाषा') बोलणाऱ्यांना सरकारी कामकाजात आपली भाषा वापरण्याचा हक्क दिला.

तरीही 'क्वेचुआतली प्रश्नावली' असे एकवचन वापरताना जपून राहावे लागते. आयाकुचोची क्वेचुआ आणि कुस्कोची क्वेचुआ एकमेकींना बऱ्याच अंशी कळतात, परंतु उच्चारांत फरक आहे. 'दिवस' या शब्दाला आयाकुचोत 'पुंचाव' म्हणतात, तर कुस्कोत तोच शब्द पहिल्या व्यंजनावर झटका देऊन 'पुंचाय' असा उच्चारतात. उत्तरेकडच्या आंकाश भागातली क्वेचुआ तर इतकी वेगळी आहे की भाषातज्ज्ञ तिला वेगळ्या शाखेत ठेवतात आणि कुस्कोच्या माणसाला ती सहज समजत नाही. म्हणून एकच भाषांतर करून ते सगळ्या डोंगराळ प्रांतांत वाटून टाकणे, हा मार्ग पहिल्याच पायरीवर बंद होतो. प्रत्येक बोलीसाठी पुन्हा माणसांत बसावे लागते.

त्यातच ही भाषा मुख्यतः तोंडी व्यवहाराची आहे. लिहिताना तीन स्वर वापरावेत की पाच, यावर पेरूत दीर्घकाळ वाद झाला, आणि अनेक वयस्कर भाषकांनी आपली भाषा कागदावर कधी पाहिलेलीच नसते. स्वतः वाचून भरायची यादी तिथे चालत नाही, कोणीतरी ती वाचून दाखवावी लागते. मग विचारणारा कोण आहे, त्याचा सूर कसा आहे, शेजारी सासू बसली आहे का, या सगळ्यांचा परिणाम उत्तरावर होतो.

ल्याकी

उदास वाटण्याविषयीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आलो की क्वेचुआ भाषक जो शब्द प्रथम सुचवतो तो 'ल्याकी' हा असतो. कोशात त्याचा अर्थ दुःख, शोक, काळजी असा सापडतो. परंतु आयाकुचोच्या खेड्यांत दीर्घकाळ काम केलेल्या किंबर्ली थिडन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी नोंदवले आहे की तिथल्या स्त्रिया 'ल्याकी' अनेकवचनात वापरतात आणि ते शरीरात भरत जातात असे सांगतात. ल्याकी म्हणजे वेदनादायक विचार आणि आठवणी. त्या हृदयाशी साठतात आणि त्यांनी माणूस आजारी पडतो. डंकन पेडर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही ल्याकीला दुःख आणि खिन्नतेच्या अनुभवाचे स्थानिक नाव म्हणून मध्यवर्ती स्थान आहे. त्याच्या जोडीला त्यांनी 'न्याकारी' हा शब्द ठेवला. न्याकारी म्हणजे सोसणे, हाल. आणि ते एकट्याचे नसते, साऱ्या गावाचे असते.

मराठी माणसाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. आपली 'काळजी' 'काळजा'ला धरून आहे, आपल्या काळजाला घरे पडतात, जीव खाली-वर होतो, आणि दुःख झालेली बाई डॉक्टरांना "छातीवर दगड ठेवल्यासारखे होते" असे सांगते. क्वेचुआत हृदयाला 'सोन्को' म्हणतात, आणि सोन्को हे भावनांबरोबर स्मृतीचे आणि जाणिवेचेही ठिकाण मानले जाते. 'युयाय' या एका क्रियापदात विचार करणे आणि आठवणे हे दोन्ही अर्थ आहेत. मन आणि शरीर, विचार आणि भावना यांच्यामध्ये प्रश्नावलीने ज्या रेषा आखल्या आहेत, त्या या भाषेत त्या जागी नाहीत.

मग भाषांतरकाराने काय करायचे? 'उदास, खिन्न किंवा हताश वाटणे' या तीन शब्दांच्या प्रश्नासाठी 'ल्याकी' वापरला तर लोकांना प्रश्न नक्की समजतो. परंतु तो जास्तच समजतो. ज्याचे जनावर मेले त्यालाही ल्याकी आहे, ज्याचा मुलगा दूर राजधानीत, लिमाला गेला त्यालाही आहे, आणि ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्यालाही आहे. चाळणीची भोके मोठी होतात. ल्याकी टाळून एखादा घडवलेला, पुस्तकी शब्द वापरला, तर लोक सौजन्याने "नाही" म्हणतात. माझ्या मते इथे ल्याकी ठेवणेच बरोबर आहे, मात्र त्याला एकटे सोडू नये. त्याच्यासोबत दिवसांची मोजणी आणि कामावर झालेला परिणाम नेमका विचारावा, म्हणजे भोके पुन्हा लहान होतात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आयाकुचोत झालेल्या अभ्यासात 'पिन्सामिएन्तुवान' असाही शब्द आढळतो. स्पॅनिशमधला विचार या अर्थाचा शब्द घेऊन त्याला क्वेचुआचा 'सह' या अर्थाचा प्रत्यय लावलेला आहे. 'विचारांसह' असणे, म्हणजे विचारांनी पछाडलेले असणे. भाषेची शुद्धता जपू पाहणारा भाषांतरकार असा मिश्र शब्द गाळून टाकेल आणि लोक खरोखर जे बोलतात तेच त्याच्या यादीतून निसटेल.

इतर प्रश्न कुठे अडतात

थकव्याचा प्रश्न सोपा दिसतो. पण सुमारे ३,५०० मीटर उंचीवर पहाटेपासून शेतात राबणाऱ्या, रक्तक्षय असलेल्या बाईने "रोज थकवा येतो" असे म्हटले, तर तो आजाराचा थकवा की आयुष्याचा? भुकेचा प्रश्नही तसाच आहे. जेवण कमी होण्याचे कारण इच्छा नसणे हे आहे की घरात धान्य नसणे, हे मूळ यादी विचारत नाही, कारण ती जिथे लिहिली गेली तिथे तशी गरज भासली नव्हती. कामात रस किंवा आनंद वाटण्याचा प्रश्न तर निवडीचे जीवन गृहीत धरतो. मेंढरे चारायला नेण्यात रस आहे का, असे कोणी कोणाला विचारत नाही. सण आला तरी जावेसे वाटत नाही, नातवंडे अंगावर आली तरी बरे वाटत नाही, अशी उदाहरणे देऊन तोच आशय पकडावा लागतो.

झोप कमी लागणे किंवा जास्त लागणे, हालचाल मंदावणे किंवा येरझाऱ्या घालणे, हे प्रश्न दोन उलट गोष्टी एकाच वाक्यात बांधतात. वाचून भरणाऱ्याला ते निभावते. ऐकणाऱ्याला वाक्याच्या शेवटी पहिले टोक आठवत नाही आणि "हो" म्हणजे कशाला हो, ते कोणालाच कळत नाही. असे प्रश्न तोडून दोन करणे हाच सरळ उपाय आहे.

उत्तरांच्या पायऱ्याही अडतात. 'काही दिवस', 'निम्म्याहून अधिक दिवस' आणि 'जवळजवळ रोज' यांत मधली पायरी ऐकून डोक्यात मांडणे अवघड आहे. आठवड्याला दक्षिणेकडच्या क्वेचुआत 'सिमाना' हा स्पॅनिशवरून आलेलाच शब्द वापरतात, त्यामुळे 'दोन आठवडे' सांगता येतात, पण ते एखाद्या बाजाराच्या दिवसापासून किंवा सणापासून मोजून दिले तर जास्त पक्के बसतात. कमी साक्षरतेच्या भागांत अशा वेळी कमी-अधिक भरलेल्या पेल्यांची चित्रे दाखवून बोट ठेवायला सांगण्याची पद्धत उपयोगी पडते.

व्याकरणही गप्प बसत नाही. क्वेचुआत वाक्याला लागणारे काही छोटे प्रत्यय असे आहेत की बोलणाऱ्याला ती गोष्ट स्वतःला माहीत आहे की ऐकीव आहे, हे त्यांतून कळते. मराठीत आपण "तो आजारी आहे म्हणे" असे म्हणतो, त्यातल्या 'म्हणे'चे काम तिथे 'सि' हा प्रत्यय करतो आणि स्वानुभवाची ग्वाही 'मि' हा प्रत्यय देतो. मुलगी आईच्या वतीने उत्तर देत असेल तर हा फरक तिच्या बोलण्यात असू शकतो, पण स्पॅनिश फॉर्मवर तो उतरत नाही. शिवाय क्वेचुआत मराठीसारखेच 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत: 'न्योकांचिक' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, 'न्योकायकु' म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही. स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत हा भेद नाही. "आम्ही तुमच्या दुःखाविषयी विचारायला आलो आहोत" आणि "आपण आपल्या दुःखाविषयी बोलू या" या दोन सुरुवातींमध्ये केवढे अंतर आहे, ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

भाषांतर उलट फिरवून पाहिले की झाले ना?

असे साधन दुसऱ्या भाषेत नेण्याची रूढ पद्धत अशी: एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचे, आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे. ही पद्धत आवश्यक आहे, पण तिचा भरवसा मर्यादित आहे. १९७७ च्या एका जुन्या अमेरिकी नैराश्य-प्रश्नावलीत उदासीनतेसाठी निळ्या रंगावरून आलेला इंग्रजी शब्द आहे. कोणी त्याचे मराठीत 'निळेपणा' केले, तर परत इंग्रजीत जाताना तो निळाच होऊन जाईल, दोन्ही मजकूर तंतोतंत जुळतील, आणि प्रश्न मात्र कोणालाही कळणार नाही. क्वेचुआच्या बाबतीत तर दोन्ही भाषांतरकार शहरात शिकलेले, स्पॅनिश उत्तम जाणणारे असतात. क्वेचुआ वाक्याखालचे स्पॅनिश त्यांना लगेच दिसते. डोंगरातल्या बाईला ते दिसत नाही.

म्हणून त्यापुढची पायरी जास्त मोलाची आहे, आणि घाईच्या प्रकल्पांत नेमकी तीच गाळली जाते. प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तर विचारण्याऐवजी "यात मी काय विचारले, ते तुमच्या शब्दांत सांगा" असे म्हणायचे. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या गावांतल्या स्त्री-पुरुषांशी असे बोलले की कोणते वाक्य कुठे मोडते ते उघड होते. मग वाक्य बदलायचे आणि पुन्हा विचारायचे.

यानंतर आकडेशास्त्राचे काम सुरू होते. तराजूला पासंग असतो, म्हणजे रिकामी असतानाही एक पारडे किंचित झुकलेले असते, हे जुन्या दुकानदारांना ठाऊक असते. प्रश्नालाही असा पासंग असू शकतो. दोन गटांतली सारख्याच तीव्रतेचे नैराश्य असलेली माणसे घेतली आणि तरी एका गटाला थकव्याच्या प्रश्नावर सतत जास्त गुण मिळाले, तर तो प्रश्न त्या गटाच्या बाजूला झुकलेला आहे. असा झुकाव कोणत्याही प्रश्नात नाही, हे दाखवता आले तरच दोन गटांचे गुण एकमेकांशेजारी ठेवता येतात. पेरूच्या राष्ट्रीय लोकसंख्या व कौटुंबिक आरोग्य पाहणीत हीच नऊ प्रश्नांची यादी वापरतात, त्यामुळे हा केवळ विद्वानांचा प्रश्न नाही. कोणत्या प्रांतात किती नैराश्य आहे, याचे आकडे त्यातून निघतात आणि आकड्यांमागे निधी जातो.

उंबरठाही पुन्हा ठरवावा लागतो. क्वेचुआ भाषक माणसांची त्यांच्याच भाषेत सविस्तर मुलाखत घेऊन आधी खरे निदान करायचे आणि मग कोणत्या गुणसंख्येवर यादी सर्वांत बरोबर निवडते ते पाहायचे. १० हा आकडा अमेरिकी दवाखान्यांतून आला आहे. तो अँडीजमध्ये ८ असेल किंवा १३ असेल, आणि मोजल्याशिवाय ते सांगता येत नाही.

आता बहुतेकांना स्पॅनिश येते; मग एवढा खटाटोप कशाला?

हा आक्षेप पेरूतही घेतला जातो. तरुणांना आणि शहरात आलेल्यांना स्पॅनिश येते, हे खरे आहे. परंतु ज्यांना ती येत नाही त्यांत वयस्कर, ग्रामीण आणि स्त्रिया अधिक आहेत, म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी चाळणी लावली तेच लोक गळतात. शिवाय बाजारात भाव करण्यापुरती भाषा येणे आणि आपल्या मुलाच्या मृत्यूविषयी त्या भाषेत बोलता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यात विश्वासाचाही भाग आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेरूच्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. हजारो स्त्रियांनी नंतर सांगितले की त्यांची खरी संमती घेतली गेली नव्हती, आणि त्यांत क्वेचुआ बोलणाऱ्या ग्रामीण स्त्रिया मोठ्या प्रमाणावर होत्या. आरोग्य केंद्रातून आलेला, हातात स्पॅनिश फॉर्म असलेला माणूस त्या घरांत कोणत्या आठवणी घेऊन शिरतो, याचा विचार केल्याशिवाय तिथल्या "नाही, काही त्रास नाही" या उत्तराचा अर्थ लावता येत नाही.

आपोआप भाषांतर करणाऱ्या संगणकीय साधनांचा विचारही मनात येतो. गूगलच्या भाषांतर सेवेत मे २०२२ मध्ये क्वेचुआ दाखल झाली, आणि त्याच खेपेत कोकणीही. बसचे वेळापत्रक समजायला त्याचा उपयोग आहे. पण कोणता शब्द कोणत्या खोऱ्यात चालतो आणि कोणता ऐकून बाई गप्प होते, हे त्या साधनाला कळत नाही.

प्रत्येकाची यादी वेगळी झाली तर तुलना कशी करायची?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रत्येक गावाने आपला शेर वेगळा ठेवला तर व्यापार थांबतो. म्हणून दोन टोकांच्या मध्ये वाट काढावी लागते, आणि ती काढता येते हे इतरत्र दिसले आहे. झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, हा शब्द मनाच्या त्रासासाठी वापरतात. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात हरारेमध्ये सहकाऱ्यांसोबत अशा स्थानिक शब्दांपासून १४ प्रश्नांची यादी घडवली. ती वरून भाषांतरित केलेली नव्हती, खालून उगवलेली होती, आणि ती आजही तिथे वापरात आहे. पुढे १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेच्या कामात पटेल यांचा मोठा वाटा राहिला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधल्या मोठ्या प्रयोगाला कोकणीतून 'मनःशांती सुधार शोध' असे नाव दिले होते. त्यात तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना हाताळले, आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नावात रोग नाही, मनःशांती आहे. ही निवडही रूपांतराचाच भाग होती.

क्वेचुआसाठी मला जो मार्ग योग्य वाटतो तो असा: नऊ प्रश्नांचा गाभा ठेवावा, वाक्ये आणि उदाहरणे बदलावीत, आणि सोबत ल्याकी, डोकेदुखी, हृदयाची वेदना, भीतीने जीव उडून जाण्याचा 'सुस्तो' असे तीन-चार स्थानिक प्रश्न जोडावेत. नऊ प्रश्नांचे गुण लिमाशी आणि जगाशी तोलायला राहतील; जोडलेले प्रश्न त्या खोऱ्यातल्या परिचारिकेला कामाला येतील.

हा आजार आहे की इतिहास?

१९८० ते २००० या काळात पेरूमध्ये 'शायनिंग पाथ' ही सशस्त्र संघटना आणि सरकारी दले यांच्यातल्या संघर्षात किती माणसे मेली, याचा शोध सत्य व समेट आयोगाने घेतला. २००३ च्या अहवालात त्याने बळींची संख्या सुमारे ६९,००० असल्याचा अंदाज दिला. नोंद झालेल्या बळींपैकी ७५ टक्के लोकांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळ भाषा होती, तर १९९३ च्या जनगणनेनुसार देशात अशा भाषकांचे प्रमाण १६ टक्के होते. मृत आणि बेपत्ता झालेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या आयाकुचोतले होते.

ज्या बाईच्या नवऱ्याचे प्रेत कधी मिळालेच नाही, तिच्या दुःखाला नऊ प्रश्नांनी गुण द्यायचे का? आजाराचे नाव दिले की न्यायाची मागणी बाजूला पडते, ही भीती खरी आहे आणि आयाकुचोत काम केलेल्या संशोधकांनी ती मांडली आहे. न्याकारी गोळीने जात नाही. पण याचा अर्थ विचारूच नये असा होत नाही, कारण त्याच गावात अशीही माणसे आहेत ज्यांची झोप आणि भूक गेली आहे आणि ज्यांना उपचाराने खरोखर आराम पडू शकतो. इतिहासाचे कारण पुढे करून त्यांना उपचाराशिवाय ठेवणे मला मान्य होत नाही. दोन्ही नोंदी ठेवाव्यात, एक आरोग्य केंद्रात आणि एक न्यायालयात.

नववा प्रश्न

शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. मूळ वाक्यात 'मेलेले बरे' आणि 'स्वतःला दुखापत करणे' हे दोन्ही एकत्र आहेत, आणि ते तोडलेच पाहिजेत. आपल्याकडे थकलेली आजी "देवा, आता ने रे बाबा" म्हणते, तेव्हा ती दिवसाचा शीण सांगत असते की खरोखर जाण्याची इच्छा, हे घरच्यांना सुरावरून कळते. आत्महत्येला पाप मानणाऱ्या अँडीजमधल्या खेड्यांतही हा प्रश्न थेट विचारला तर बहुतेक जण नाही म्हणतील, आणि आडून विचारला तर जगून दमलेले सगळेच हो म्हणतील. त्यामुळे तो दोन पायऱ्यांत, एकांतात, आणि बाईला बाईने विचारणे योग्य ठरते.

पेरूमध्ये २०१९ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजातच उपचार देण्यावर भर दिला आहे आणि देशभर दोनशेहून अधिक सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहिली आहेत. पण वरच्या वस्त्यांपासून त्यांतले जवळचे केंद्रही कित्येक तासांच्या वाटेवर असू शकते. म्हणून नववा प्रश्न यादीत ठेवण्याआधी काही गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात: "हो" उत्तर आले तर त्या रात्री तिच्याजवळ कोण थांबणार, कीटकनाशकाची बाटली घरातून कोण हलवणार, खाली जाणारी गाडी कोण सांगणार, आणि हे सगळे तिला तिच्या क्वेचुआत कोण समजावणार.